तीन घरांतून आलेले तीन सोफे आणि भिंतभर पुस्तकं : रंग नंतर बघू, आधी बैठकीची उंची एक करा

ताई, प्रश्न वाचला आणि फोटोपण नीट बघितले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते : कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, हॉल ११ बाय १६, त्यात तीन घरांतून आलेले तीन सोफे. आजेसासूबाईंचा सागवानी कोरीव सोफा, त्याची पाठ आणि बैठक वेताची. मामांनी दिलेला मरून रेक्झिनचा जाडजूड थ्री सीटर. आणि नणंद बदली होऊन गेली तेव्हा तिनं ठेवून गेलेला राखाडी कापडाचा टू सीटर. वर वडिलांची नऊशेच्या आसपास पुस्तकं, जी आत्ता ट्रंकांत आणि बेडखाली पडून आहेत. घरातले म्हणतायत तिन्ही भंगारात घाला आणि ईएमआयवर एक चांगला सेट आणा, तुमचं मन होत नाही, पण हॉल गोदामासारखा दिसतो हेपण तुम्हीच लिहिलंय.

भंगारात अजिबात घालू नका. मी कोल्हापुरात इंटिरियरची कामं करते आणि त्यातली निम्मी तरी जुनं फर्निचर उभं करायचीच असतात, त्यामुळं हे मी नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. तुमच्या हॉलमध्ये जे खटकतंय ते कापडांचे रंग नाहीतच. फोटोत तिन्ही सोफ्यांच्या बैठकीची रेघ बघा, वेताचा वर आहे, रेक्झिनचा पार खाली बसलाय आणि राखाडी मधेच कुठंतरी. तिघं जण तीन सोफ्यांवर बसले की एकाची मान वर, एकाचे गुडघे छातीला. माणूस हॉलमध्ये शिरल्या शिरल्या डोळा हीच रेघ पकडतो, रंग नंतर. तीन वेगळ्या रंगांचे, वेगळ्या काळातले सोफे एका उंचीला आले की खोलीला एकदम शिस्त येते, आणि एकाच कापडात मढवलेले पण उंचीनं वरखाली असलेले सोफे कितीही पैसे घातले तरी विस्कटलेलेच दिसतात. लोक हे उलटं करतात, आधी कापडाच्या दुकानात जातात.

उंची मोजायची पद्धत सांगते, कारण रिकामा सोफा मोजून काही कळत नाही. प्लायचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा घ्या, बैठकीवर ठेवा, त्यावर घरातल्या मध्यम वजनाच्या माणसाला बसवा आणि फरशीपासून त्या फळीपर्यंत टेप लावा. तिन्हींचं असं माप घ्या. साधारण १७ इंच धरा, तुमच्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून निदान एक बैठक तरी १८ ला न्या, त्यांना हाताला फार जोर न देता उठता आलं पाहिजे, आणि ती एक बैठक टेकायला घट्ट हात असलेली, म्हणजे तुमच्याकडं सागवानीच. एक इंचाचा फरक डोळ्याला कळत नाही, तीन इंचाचा कळतो.

आता प्रत्येकाची उंची वाढवायची कशी. राखाडी सोफ्याला खाली बहुतेक फिरवून काढता येणारे पाय असतील, उलटा करून बघा, तसं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात त्याच आट्याचे लांब पाय मिळतात, दहा मिनिटांचं काम. रेक्झिनच्या सोफ्याला असल्या जुन्या सोफ्यांना असतात तसे प्लॅस्टिकचे बुश असणार, ते काढून सुताराकडून सागवानाचे किंवा बाभळीचे तीन इंचाचे पाय बसवून घ्या, पण पाय फ्रेमच्या लाकडात बसले पाहिजेत, खालच्या कापडाच्या पट्टीत नाही, आणि थ्री सीटरला मधोमध पाचवा पाय द्यायचाच. तो नसला की वर्षभरात मधे बाक येतो. सागवानीला मात्र पायांना हात लावू नका, त्याची उंची वर दोन इंचाची गादी टाकून येते.

हे सगळं करायच्या आधी एक तपासणी करायची आणि ती न टाळता करायची. नात्यातून आलेला सोफा म्हणून आपण विचारत नाही, पण ढेकूण नातं बघून येत नाहीत. बैठकीच्या शिवणी, मागच्या कापडाची घडी, खाली ठोकलेलं काळं कापड, सगळं टॉर्च लावून बघा. शाईच्या टिपक्यांसारखे बारीक काळे डाग ओळीनं दिसले तर तो सोफा पुस्तकांच्या जवळपासही आणायचा नाही, ढेकूण पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या खाचेतसुद्धा राहतात. पेस्ट कंट्रोल एकदा करून भागत नाही, अंडी मागं राहतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी परत मारून घ्यायचं हे आधीच ठरवून घ्या.

दुसरं म्हणजे फ्रेम. समोरच्या एका बाजूचा पाय धरून सोफा सहा इंच उचला. दुसऱ्या बाजूचा समोरचा पाय लगेच उचलला गेला तर फ्रेम ठणठणीत. तो जमिनीवरच राहिला आणि सोफा पिळवटला तर सांधे सुटलेत, मग आधी सुतार, कुशनवाला नंतर. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा लागलाय. आणि ठोकल्यावर पोकळ आवाज आला, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, तिथं मात्र माया करत बसू नका.

तिसरं खास आपल्या गावचं. हा सोफा पुरात होता का हे मामांना स्पष्ट विचारा. २००५, २०१९ आणि २०२१, तीन मोठे पूर बघितलेत आपण, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून बरीच वर गेली होती आणि व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, नागाळा पार्कातल्या कितीतरी तळमजल्यांवरचे सोफे पाण्यात होते. पूर ओसरल्यावर वरनं वाळवून, नवीन कव्हर घालून वापरात आलेले सोफे अजून घराघरात आहेत. खालचं काळं कापड एका कोपऱ्यातनं उचकटून आत बघा, लाकडावर गाळाची आडवी रेघ किंवा खिळ्यांना गंज दिसला की समजायचं. घाबरायचं कारण नाही. सागवानाची फ्रेम पुरातनं वाचते, धुऊन वाळवली की आणखी एक पिढी चालते. पण आतला फोम, काथ्या, कापूस काही म्हणजे काही ठेवायचं नाही, सगळं काढून टाकायचं. आणि फ्रेम प्लायची असेल तर प्लाय फुगून पापुद्रे सुटलेले असतात, तो सोफा मात्र सोडून द्या.

आता सागवानी सोफा, जो तुमच्या हॉलमधली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. तुम्ही लिहिलंय की बैठकीचा वेत झोळ आलाय आणि विणून देणारा मिळत नाही. वेताची एकही काडी तुटलेली नसेल तर विणायची गरजच नाही. सोफा उलटा करा, गरम पाण्यात भिजवून पिळलेलं जाड फडकं वेताच्या खालच्या बाजूला, म्हणजे खरखरीत बाजूला अर्धा तास ठेवा, वरच्या चकचकीत बाजूनं पाणी आत शिरत नाही म्हणून खालूनच. लाकडाला पाणी लागू देऊ नका. मग पंख्याखाली दिवसभर वाळू द्या, उन्हात नको आणि कुणाला बसूही देऊ नका. वाळताना वेत आकसतो आणि बैठक ताठ होते, दुसऱ्या दिवशी बोटानं टिचकी मारली तर आवाज येतो. मला आजही हे बघताना आनंद होतो. एखादी-दुसरी काडी तुटली असेल तर मात्र विणणाऱ्याला बोलवा, नाहीतर तिथनं उसवत जातं.

पॉलिशचं म्हणाल तर मिस्त्री तुम्हाला म्हणेल सगळं घासून नवीन मेलामाइन नाहीतर पीयूचं पॉलिश मारू, चकाचक होईल. करू नका. त्या काळातल्या सोफ्यांना बहुतेक करून लाखेचं पॉलिश असायचं, खात्री करायची तर मागच्या पायाला आतल्या बाजूनं स्पिरिटचा बोळा लावा, चिकट होऊन रंग बोळ्याला आला की लाखेचंच. असं पॉलिश वरच्यावर दुरुस्त होतं, पूर्ण खरवडावं लागत नाही, आणि कोरीव कामाच्या खाचांत साठलेला तो काळसर रंग राहतो, तीच तर त्याची शोभा. फक्त पावसाळ्यात पॉलिशचं काम काढू नका. हवेत ओल असली की लाखेचं पॉलिश पांढरट पडतं, मग मिस्त्री म्हणतो माल खराब आला. माल खराब नसतो, महिना चुकलेला असतो. दसऱ्यानंतर करा.

मरून रेक्झिन तडकलंय, त्याला औषध नाही, त्यावर स्प्रे-बिप्रे काही टिकत नाही. ते उतरवा आणि आत काय आहे ते कुशनवाल्यासमोर स्वतः उभं राहून बघा. स्प्रिंगा शाबूत असतील तर ठेवायला सांगा, तो काढून नुसता फोम घालायला बघेल कारण ते सोपं पडतं. बैठकीला ४० डेन्सिटीचा चार इंची फोम, पाठीला ३२ चालतो, आणि हे बिलावर लिहून घ्या, नुसतं तोंडी चांगला फोम म्हणून सोडू नका. कापड ५४ इंच पन्ह्याचं असेल तर एवढ्या थ्री सीटरला आठ ते दहा मीटर लागतं, पट्ट्यांचं किंवा फुलांचं डिझाइन घेतलंत तर जुळवणीत जास्त जातं, तेव्हा मीटरभर वाढवून धरा. सागवानीच्या गादीला मात्र दोन-अडीच मीटरमध्ये भागतं.

कापड कुठलं घ्यायचं याच्यावर माझं ठाम मत आहे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर घरात काही नीट वाळत नाही, तेव्हा जाड सुती कॅनव्हास किंवा सुती मिक्स, काढून धुता येईल अशा चेनच्या कव्हरमध्ये. वेल्वेट दुकानात भारी दिसतं, आपल्या घरात रविवारी तांबडा-पांढरा रस्सा असतो आणि पोरं वाटी घेऊन सोफ्यावरच बसतात, पुढचं काय सांगायला नको. कापड कापायच्या आधी पाण्यातून काढून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि कव्हर परत चढत नाही. पॉवरलूमचं साधं जाड कापड बघायचं असेल तर इचलकरंजी काही लांब नाही, अर्धा दिवस काढून जाऊन या.

रंग सांगते तो असा. राखाडी सोफा आहे तसा ठेवा, त्याला खर्च नको. मामांचा सोफा मळखाऊ बदामी किंवा खाकीकडं झुकणारा करा. आणि मरून सोडू नका, तो तुमच्या घरात आधीपासून आहे, फक्त जागा बदला. सागवानीच्या गादीला मरून, राखाडी सोफ्यावर एक मरून उशी, आणि बदामी सोफ्याच्या शिवणीला मरून पायपिंग, म्हणजे बारीक पट्टी. एक रंग तीन ठिकाणी दिसला की तिन्ही सोफे आपोआप एकमेकांचे वाटतात, चौथ्या ठिकाणी मारायला जाऊ नका, पडदे तर मुळीच मरून नकोत. राखाडी सोफा फारच ऑफिसातला वाटत असेल तर त्याच्या पाठीवर सोलापुरी चादर घडी करून टाका, कडक आणि गडद असते, घसरत नाही, चहा सांडला तर धुवायची. घोंगडं घालायची हौस असेल तर जरूर घाला, पण ते लोकर आहे, त्याला कसर लागते आणि शेजारी पुस्तकं आहेत, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी झटकून ऊन दाखवलं पाहिजे.

आता पुस्तकं. खरं सांगायचं तर एवढी पुस्तकं घरात आहेत म्हणूनच मी इतक्या खात्रीनं सोफे ठेवा म्हणतेय, कारण भिंतभर पुस्तकं हा स्वतःच एक रंगीबेरंगी पण शांत पडदा असतो, त्याच्यासमोर सोफे वेगळे असले तर ते मुद्दाम ठेवल्यासारखे वाटतात. मोकळ्या पांढऱ्या भिंतीसमोर तेच सोफे उघडे पडतात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे पुस्तकं हा काही आपल्या गावाला नवीन शौक नाही, जुन्या पेठांतल्या घरांत जाडजूड भिंतीतल्या फडताळात पोथ्या-पुस्तकं असायचीच. फ्लॅटच्या भिंतीत फडताळ होत नाही म्हणून कपाट.

हिशोब करू. मराठी पुस्तकं सरासरी धरली तर एका फुटात पंधराएक बसतात, नऊशे म्हणजे ६० फूट फळी. पुस्तकांचं वजन फुटाला आठ-नऊ किलो, म्हणजे एकूण अर्ध्या टनाच्या आसपास. सुस्थितीतल्या स्लॅबला याचं सहसा काही होत नाही, आरसीसी घराची फरशी खोलीभर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबानंच धरलेली असते आणि आपण भार भिंतीलगत ठेवतोय, तरी खाली बीम असलेली भिंत मिळाली तर उत्तम. (जुन्या घरात लाकडी माडीवर करणार असाल तर कपाट तुळयांना आडवं ठेवा, म्हणजे भार चार-पाच तुळयांवर वाटला जातो, एकाच तुळईच्या डोक्यावर नको.)

भिंत निवडताना पश्चिमेची बाहेरची भिंत सोडा. आपल्याकडं पाऊस त्याच अंगानं मारतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती भिंत आतनं ओल धरते, हात लावला तर गार लागते. हवेतली ओल ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरायला लागते आणि आपल्या पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणून पुस्तकांमागं हवा खेळली पाहिजे. तुमच्या प्लॅनमध्ये हॉल आणि बेडरूममधली १६ फुटी भिंत आतली आहे, तीच घ्या, तिच्यातलं दरवाजा सोडून १० फूट आपल्याला पुरे. कपाट भिंतीला चिकटवायचं नाही, मागं इंचभर फट ठेवायची, आणि खाली चार इंचाचं स्कर्टिंग, म्हणजे कपाट फरशीवरून उचलणारी पट्टी, कारण रोज फरशी पुसतो ते पाणी खालच्या फळीत जातं आणि प्लाय तिथूनच फुगायला लागतो. त्या खालच्या भागाला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा, मरीन प्लाय, बाकी सगळं आयएस ३०३ चा १८ मिमी. शिक्का बघून घ्या. पार्टिकल बोर्डचं तयार कपाट पुस्तकांसाठी घेऊ नका, कपड्यांना ठीक आहे.

आणि इथं मिस्त्रीशी तुमचा वाद होणार आहे, तयारीत राहा. सुताराला वॉर्डरोब करायची सवय असते म्हणून तो १८ इंच खोल कप्पे आणि चार-चार फूट लांब फळ्या सुचवेल, दिसायला मोकळं दिसतं म्हणून. खोल कप्प्यात पुस्तकं दोन रांगांत लागतात आणि मागची रांग परत कुणी बघत नाही. वरच्या कप्प्यांना साडेअकरा इंच खोली बास, शिवाय ८ बाय ४ च्या शीटमधून त्या मापाच्या बरोबर चार पट्ट्या निघतात, वाया काही जात नाही. आणि फळीची लांबी अडीच फुटाच्या वर न्यायची नाही म्हणजे नाही. फुटाला भार तेवढाच ठेवून लांबी दुप्पट केली तर फळीचा बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. अडीच फुटाला जो बाक डोळ्याला दिसत नाही तो पाच फुटाला पहिल्याच दिवाळीत दिसतो. समोरच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी पट्टी लावली की फळी आणखी ताठ राहते आणि ती पट्टी तुमच्या सोफ्याच्या लाकडाशी बोलते, म्हणून सनमायका लाकडी डिझाइनचा घेऊ नका, खोट्या लाकडाशेजारी खरं लाकूड बिचारं वाटतं. भिंतीचाच ऑफ व्हाइट रंग कपाटाला द्या आणि लाकूड फक्त त्या पट्टीत दिसू दे.

रचना मी अशी करेन : खाली दोन फुटांपर्यंत बंद कपाट, १५ इंच खोल, त्यात दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि रोज न लागणारी पुस्तकं, दरवाज्यांना वर-खाली जाळी किंवा भोकं, हवा जायला. त्याच्या वर साडेअकरा इंची उघडे पाच कप्पे, दाराच्या लिंटलपर्यंत, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईपर्यंत, त्याच्या वर न्यायचं नाही. तीन कप्प्यांत १० इंचांचं अंतर, त्यात डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची पुस्तकं आरामात बसतात, दोन कप्प्यांत १२ इंचांचं, जाडजूड खंड आणि मोठ्या आकाराच्या पुस्तकांसाठी. फळ्या पिनांवर ठेवा म्हणजे पुढं बदलता येतील. काच मी लावणार नाही. उघड्या कप्प्यावर धूळ बसते हे खरं, पण धूळ फडक्यानं जाते, बंद काचेआडची बुरशी पान पिवळं करून जाते. घरात लहान मूल आहे तेव्हा कपाट वरच्या बाजूला तीन ठिकाणी एल क्लॅम्पनं भिंतीला पकडायचं, प्लग नुसत्या प्लास्टरमध्ये नाही तर विटेत गेला पाहिजे. हे मिस्त्री निघून गेल्यावर आठवतं, म्हणून त्याच्या शेवटच्या पैशाआधी हलवून बघा.

आता एक गोष्ट जी कॅटलॉगवाल्यांना कधी सुचणार नाही. गौरी-गणपतीत हॉल रिकामा करावा लागतो, बरोबर ना? दरवर्षी सोफे कुठं ढकलायचे हा प्रश्न. खालचं कपाट वरच्यापेक्षा साडेतीन इंच पुढं आलंय, तर मधल्या एका खणात, अडीच फूट रुंद, खालच्या कपाटाच्या वर तीन फूट उंचीपर्यंतच्या फळ्या पिनांवरच ठेवा, आडव्या ठोकू नका. गणपतीच्या आदल्या दिवशी त्या तीन फळ्यांवरची पुस्तकं बेडरूममध्ये हलवा, फळ्या काढा, झाला मखराचा कोनाडा, दोन फुटांवर, आरतीला सगळ्यांना दिसेल असा. कोनाड्यात आतल्या वरच्या बाजूला एक वॉर्म दिव्याचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून आधीच काढून ठेवा. समई मात्र त्या कोनाड्यात ठेवायची नाही, खाली फरशीवर पितळी ताटात, पुस्तकांपासून हातभर लांब. गौरी मात्र खालीच मांडा, तेवढी उंची तिथं मिळत नाही.

त्याच कारणासाठी सोफ्यांची मांडणी हलती ठेवा. थ्री सीटर पुस्तकांच्या समोरच्या भिंतीला, तोच सगळ्यात जड, तो हलणार नाही. राखाडी टू सीटर खिडकीच्या बाजूला काटकोनात. सागवानीची पाठ उंच आणि जाळीची आहे, ती भिंतीला लावून वाया घालवू नका, त्याच्या आरपार दिसतं, तर तो पुस्तकांच्या एका टोकाला थोडा तिरका, त्याच्यामागून पुस्तकं दिसू देत, सासऱ्यांची वाचायची जागा तीच. कपाटासमोर अडीच फूट तरी मोकळं राहिलंच पाहिजे, खालचे दरवाजे उघडायचे आहेत आणि माणसाला उकिडवं बसायचं आहे. टीपॉय बैठकीपासून दीड फुटाच्या आत, नाहीतर पाव्हण्यानं कप ठेवायचा कुठं. तिन्ही सोफ्यांमधलं अंतर आठ फुटांच्या पुढं गेलं की लोक ओरडून बोलायला लागतात, तुमच्या ११ फुटी रुंदीत सोफ्यांची आणि कपाटाची खोली वजा जाता ते बरोबर बसतं. टीव्ही पुस्तकांच्या कपाटात मधोमध घालू नका ही कळकळीची विनंती, तो आखूड भिंतीवर घ्या. मधे टीव्ही आला की पुस्तकं त्याची सजावट होऊन बसतात.

उजेडाचं थोडक्यात. मधली पांढरीफेक ट्यूब राहू दे साफसफाईला, पण रोजच्या वापराला २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दोन-तीन दिवे, एक सागवानीच्या शेजारी उभा, खांद्याच्या उंचीवर, वाचायला. जुनं लाकूड पिवळ्या उजेडातच खुलतं. भिंतीवर काही लावायचंच असेल तर टीव्हीच्या बाजूला एखादं खरं चित्र लावा, आपल्या गावात चित्रकारांची काय कमी नाही, कलानिकेतन किंवा दळवीज या चित्रकलेच्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं लागतात तेव्हा जाऊन बघा, छापील पोस्टरपेक्षा ते कधीही बरं.

पुस्तकं लावताना ट्रंकेतनं थेट कपाटात नको. प्रत्येक पुस्तक उघडून सावलीत वारा द्या, कडक उन्हात ठेवली की बांधणीचा गोंद सुटतो. चंदेरी बारीक कसर पळताना दिसली तर ते पुस्तक वेगळं काढा. वडिलांनी कोरं कव्हर घालून ठेवलेल्या पुस्तकांची कव्हरं काढू नका, त्यावर त्यांच्या अक्षरात नावं आहेत असं फोटोत दिसतंय, ती एका कप्प्यात एकत्र लावा, खाकी कव्हरांची ती रांग तुमच्या बदामी सोफ्याला जे काम करेल ते कुठलाही शोपीस करणार नाही. रंगाप्रमाणं पुस्तकं लावायच्या नादाला लागू नका, सासऱ्यांना हवं ते पुस्तक सापडायला हवं. कप्पा गच्च भरू नका, बोट जाईल एवढी ढिलाई ठेवा, पण इतकंही मोकळं नको की पुस्तकं कलंडतील, कलंडलेल्या पुस्तकाची पाठ कायमची वाकडी होते. वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवा, डांबराच्या गोळ्या लहान मूल असलेल्या घरात नकोत.

कामाचा क्रम महत्त्वाचा. आत्ता पावसाळ्यात फक्त तपासणी, पेस्ट कंट्रोल आणि मापं, आणि पश्चिमेच्या भिंतीला खरंच ओल येते का तेही आत्ताच कळेल. इलेक्ट्रिकल पॉइंट आणि भिंतीचा रंग दसऱ्यानंतर, मग कपाट, मग सागवानीचं पॉलिश, आणि कापड सगळ्यात शेवटी, कारण सुतारकामाचा भुसा नवीन कापडात घुसला की निघत नाही. कापड घ्यायला जाताना राखाडी सोफ्याची एक उशी आणि मरून रेक्झिनचा उतरवलेला तुकडा पिशवीत घेऊन जा, दुकानाच्या बाहेर येऊन उजेडात जुळवा, दुकानदार कितीही म्हणाला की आत पण तसंच दिसतंय ताई. सुताराला आणि कुशनवाल्याला एकदा एकत्र बोलवा, रेक्झिनच्या सोफ्याचे पाय आधी लागले की नंतर फोम किती जाड घालायचा ते कुशनवाल्याला कळतं, नाहीतर दोघंही आपापली उंची वाढवतात आणि सोफा १९ इंचावर जातो.